पिशवी काढण्याआधी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भगिनी मेळाव्यातील भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाला उभे केले आहे. मी म्हटले, लोणच्यापापडांवर बोलते. त्या म्हणाल्या, "ते दरवर्षी होते. गेल्या दोन वर्षांत तुम्ही शेजारणींबरोबर दवाखान्याच्या ज्या फेऱ्या घातल्या, त्यांवर बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी मला येत नाही आणि ती शिकवायला मी उभी राहिलेली नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून जे पाहिले, जे कागद वाचले, आणि न समजलेले शब्द माझ्या नर्स असलेल्या पुतणीकडून जसे समजून घेतले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवते.

विषय थोडा संकोचाचा आहे. मागच्या बाकांवर पुरुष मंडळी बसली आहेत, त्यांनी उठून जाऊ नये. त्यांनी ऐकण्याची गरज आमच्याहून जास्त आहे.

आपण गर्भाशय हा शब्द बोलताना कधी वापरत नाही. आपण पिशवी म्हणतो. आणि एकदा पिशवी म्हटले, की मुलेबाळे झाल्यावर ती रिकामी झाली, आता अडगळ, असे आपल्याच मनात बसते. भिशीला चार जणी जमल्या की एक तरी म्हणतेच, "मी तर काढूनच टाकली बाई, कटकट गेली." जणू दात काढला.

आमच्या शेजारच्या एक वहिनी आहेत. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, नाव मात्र घेत नाही. वय ३६, दोन मुले, नसबंदी झालेली. त्यांची पाळी दहा दहा, बारा बारा दिवस चाले, अंगावरून फार जाई. एका खाजगी दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली आणि पाच मिनिटांत निकाल मिळाला : "पिशवीला सूज आहे. ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल. तुमच्या मालकांच्या कंपनीचा विमा आहे ना? मग काय काळजी? सोमवारी या." सासूबाई म्हणाल्या, फुकट होते आहे तर करून टाक. मालक म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर असेल. वहिनी माझ्याकडे आल्या त्या सल्ला मागायला नव्हे. आठ दिवस मुलांचे डबे कराल का, एवढेच विचारायला आल्या होत्या.

मी म्हटले, डबे करीन. पण रक्त का जाते ते सांगितले का त्यांनी? वहिनी म्हणाल्या, ते नाही सांगितले.

आम्ही दोघी सिव्हिलमध्ये गेलो. सकाळी आठला केसपेपर काढला, नंबर लागला साडेअकराला. गर्दी, धक्काबुक्की, वास, सगळे जसे असते तसे. पण आत ज्या डॉक्टरबाई होत्या त्यांनी वहिनींना खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. दिवसाला पॅड किती लागतात, गाठी पडतात का, वजन वाढले का, थंडी जास्त वाजते का, केस गळतात का. मला वाटले, पाळीचा आणि केसांचा काय संबंध? पण संबंध होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७, आणि थायरॉईड कमी पडलेले. थायरॉईड कमी पडले की पाळीला जास्त जाऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. कॅन्सरची तपासणीही त्यांनी केली, ती स्वच्छ आली. लोहाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या महिन्यात पाळी चार दिवसांवर आली. पिशवी जागेवर आहे आणि वहिनी आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

ह्याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असे मी म्हणत नाही. माझ्या नणंदेची पिशवी काढली, आणि काढली हे योग्यच झाले. वय ४७, पिशवीत मोठ्या गाठी, पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखे दिसे. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, दोनदा रक्त चढवावे लागले. तिला डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले, कुठे किती मोठी गाठ आहे ते. तिने दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरे मिळाली, मग तिने स्वतः सही केली. कॅन्सर असेल, गाठी औषधाला दाद देत नसतील, अंग बाहेर येत असेल, तर शस्त्रक्रिया करावीच लागते. भीतीने अंगावर काढणारी बाईही मी पाहिली आहे, तिची हकिकत सांगत नाही.

वहिनींच्या बाबतीत मला एकच गोष्ट खटकली. तिथे आजाराच्या आधी विम्याची चौकशी झाली.

हे असे का होते, ह्यावर मी बराच विचार केला. विमा बहुतेक वेळा रुग्ण खाटेवर झोपला तरच पैसे देतो. डॉक्टरबाईंनी वीस मिनिटे बसवून विचारपूस केली, साध्या गोळ्या दिल्या, ह्याचे त्यांना विम्यातून काय मिळणार? शस्त्रक्रिया केली की ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे चांगला डॉक्टर वेळ घालवतो आणि तोट्यात जातो. सगळे डॉक्टर लोभी आहेत असे म्हणणे पाप आहे; पण दुकान ज्या मालावर चालते तोच माल पुढे मांडला जातो, हे आपण बाजारात रोज पाहतो.

२०१९ ते २०२१ ह्या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. त्यात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे तिघींहून थोड्या अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्या शस्त्रक्रियांपैकी शंभरात सत्तर खाजगी दवाखान्यांत झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते जास्त रक्त जाणे किंवा पोटात दुखणे. म्हणजे जे आमच्या वहिनींचे होते तेच.

आता शंभरात तीन हा आकडा लक्षात ठेवा आणि बीडकडे चला.

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्यामागे त्यांच्या खोपी पडतात. आपण त्यांना पाहतो, कधी जुनी लुगडी देतो, आणि विसरतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीत फडावर जाणे, पाण्याचा पत्ता नाही, आडोसा नाही, डोक्यावर मोळी. अशा बाईला पांढरे जाऊ लागले, कंबर दुखू लागली, आणि कोणी म्हणाले पिशवी काढ म्हणजे दर महिन्याचा खाडा वाचेल, तर ती काय करील? २०१९ साली हे प्रकरण विधिमंडळात गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. तिथल्या खाजगी दवाखान्यांना मग ह्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम लागू झाला.

आपल्या फडावर राबणाऱ्या बायकांची ही गोष्ट आहे, परमुलखातली नव्हे, म्हणून सांगितली.

राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड ह्या राज्यांतही असेच झाले होते. तिकडे गरिबांसाठी विम्याची योजना आली, कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे उपचार फुकट, आणि तरुण बायकांच्या पिशव्या निघू लागल्या. योजना काही वाईट हेतूने काढलेली नव्हती. पण बाईला विचारा, दुसरे उपाय आधी करून पाहा, असे बजावणारे तेव्हा कोणी नव्हते. डॉ. नरेंद्र गुप्ता ह्यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दहा वर्षांनी, ५ एप्रिल २०२३ रोजी, निकाल लागला. त्याआधी २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्या तीन महिन्यांत सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे न्यायालयाने सांगितले. बाईला नीट न सांगता किंवा गरज नसताना पिशवी काढणाऱ्या रुग्णालयाला काळ्या यादीत टाका, असेही सांगितले. त्या सूचनांप्रमाणे राज्यात आणि जिल्ह्यात देखरेखीच्या समित्या असतात. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने ह्या शस्त्रक्रियांची माहिती द्यायची असते. बाई चाळिशीच्या आतली असेल तर अधिक काटेकोरपणे पाहायचे असते.

सिव्हिलमधल्या त्या डॉक्टरबाईंना मी विचारले, हे नियमबियम तुम्हाला जाचक वाटत नाहीत का? त्या हसल्या. म्हणाल्या, "कागद भरायला वेळ जातो हे खरे. पण नवरा येतो, सासू येते, काढाच म्हणून हटून बसतात. मी नाही म्हटले तर दुसरीकडे जातात. आता मी कागद दाखवते, म्हणते हे आधी करून पाहायला हवे, सरकारचा नियम आहे. मग ऐकतात." मला हे फार पटले. नियम म्हणजे डॉक्टरच्या हातातली बेडी असे आपण समजतो. पण ज्या डॉक्टरला बाईचे भले करायचे आहे, त्याला घरच्यांपुढे आणि दवाखान्याच्या मालकापुढेही हाच नियम आधाराला येतो.

आता सहीबद्दल. सही कोणाची? नवऱ्याची नव्हे, सासूची नव्हे. सज्ञान बाईच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेला तिचीच संमती लागते. दिल्लीतली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई १९९५ मध्ये फक्त दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली होती. ती गुंगीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची परवानगी घेतली आणि आत पिशवी आणि दोन्ही अंडाशये काढून टाकली. ती लढली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेले नसताना, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना, तिच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. भरपाई मिळाली ती पंचवीस हजार रुपये. मला विचाराल तर फारच कमी. पण तो निकाल आज आपल्या प्रत्येकीच्या मागे उभा आहे.

तेव्हा सहीचा कागद मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. फक्त पिशवी काढणार की अंडाशयेही, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. ह्या एका शब्दाने बाईचे पुढचे आयुष्य बदलते. अंडाशये काढली की पाळी जाण्याचे वय एकदम येऊन ठेपते : अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. पस्तिशीत असे झाले तर पुढची चाळीस वर्षे कशी काढायची? अंडाशये ठेवली तरी ती काही वर्षे लवकर थकू शकतात. आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, तिचा अहवाल मागून घ्या. माझ्या नणंदेचा अहवाल आम्ही दोनदा फेऱ्या घालून आणला. रुग्ण दाखल असताना चोवीस तासांत आणि घरी सोडल्यावर बहात्तर तासांत कागदांच्या नकला मिळाव्यात असे रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिले आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्कही त्यात आहे, आणि पुरुष डॉक्टर बाईला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हेही. ही सनद रुग्णालयात दिसेल अशी लावण्याचा नियम आपल्या राज्यात २०२१ पासून आहे. पुढच्या वेळी औषधाच्या खिडकीपाशी उभ्या असाल तेव्हा भिंतीकडे पाहा. दिसली नाही तर कुठे लावली आहे ते विचारा. भांडू नका, नुसते विचारा. विचारल्यानेही पुष्कळ होते.

"पिशवी काढली नाही तर काय उपाय आहेत?" हा प्रश्न मात्र प्रत्येकीने विचारावाच. रक्त थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, तांबीसारखेच आत बसवायचे पण औषध सोडणारे एक साधन आहे, ते काही वर्षे काम देते. फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते. नुसते पांढरे जाण्यासाठी पिशवी काढण्याचे कारण नाही. जंतू असतील तर त्यावर औषध आहे, ते नवऱ्यालाही घ्यावे लागू शकते. (मागच्या बाकांवरून आता आवाज येत नाही.)

आपल्या राज्याच्या योजनेबद्दलही दोन शब्द सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे जुने नाव राजीव गांधी जीवनदायी योजना, ती २०१२ मध्ये सुरू झाली. २०२३ च्या निर्णयाने पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या, तिन्ही शिधापत्रिकांच्या कुटुंबांना तिचा लाभ ठरला आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा झाली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र त्याच्याकडे द्यायचे, तो नोंद करतो, डॉक्टर कागद आणि तपासण्या पाठवतात, तिकडून मंजुरी येते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत, तेव्हा आपला कोणत्या यादीत आहे ते त्यालाच विचारावे. मंजूर उपचारात तपासण्या, औषधे, जेवण, इतकेच काय घरी परतण्याचे एस.टी.चे भाडेही धरलेले असते. कोणी वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ ह्या नंबरावर फोन करावा. नणंदेच्या वेळी बाहेरून इंजेक्शन आणायला चिठ्ठी मिळाली होती; आरोग्यमित्राला दाखवल्यावर ते इंजेक्शन आतूनच आले.

डॉक्टरला मदत करणे आपल्याही हातात आहे. आपण जातो आणि "अंगावरून फार जाते" एवढेच म्हणतो. फार म्हणजे किती? मी आता ओळखीच्या बायकांना सांगते, दिनदर्शिकेवर खूण करा. पाळीचा प्रत्येक दिवस, किती पॅड किंवा घड्या लागल्या, गाठी पडल्या का. तीन महिन्यांचे असे पान नेले तर डॉक्टरची पंधरा मिनिटे वाचतात. जुने रिपोर्ट एका पिशवीत (ही खरी पिशवी!) ठेवा. आधी काय औषध घेतले त्याची चिठ्ठी फेकू नका. आणि सोबत एक बाई न्या, कारण घाबरलेल्या माणसाला डॉक्टरचे अर्धे बोलणे ऐकूच येत नाही.

राहिली कॅन्सरची भीती, जिच्या जोरावर सगळे काढून टाकले जाते. ती खोटी नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने आपल्याकडे पुष्कळ बायका जातात. पण त्यावर उपाय आहे तो तपासणीचा, सरसकट पिशव्या काढण्याचा नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, ती कशाने, तर सौम्य व्हिनेगरने. मुखाला ते लावतात, मिनिटभराने पांढरा डाग उमटला तर पुढे तपासतात. तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने कमी झाले. २०१३ मध्ये हे जगापुढे मांडले गेले. हीच तपासणी आता ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे, पाच वर्षांतून एकदा, फुकट. दुखत नाही. लाज वाटते, ती पहिली दोन मिनिटे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा कामाचे सांगून बसते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंशी माझे बोलणे झाले आहे. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या बुधवारी आपल्या मंडळातल्या आठ जणींना त्या ह्या तपासणीला घेतील. नावे माझ्याकडे किंवा चिटणीसबाईंकडे द्या. पहिल्या बुधवारी मी स्वतः जाणार आहे, म्हणजे सात जागा उरल्या. ऊसतोडीच्या खोपींवर हे सांगायला मला दोघी सोबत हव्या आहेत. संध्याकाळी सहानंतर जावे लागेल, कारण त्याआधी त्या फडावर असतात.